शकूच्या मानेवरचे डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय तेही चिडूनच — परवा कुणीतरी पुन्हा म्हणालं, काय हात होता हो तुमचा. संताप येतो मला त्या हाताचा.

साठ सालाच्या आसपास लोणावळ्याच्या बाजारात आमचं खेळण्यांचं दुकान होतं. पंखांचे घोडे, शिंगांचे सिंह, बाईच्या तोंडाच्या गाई. माझी धाकटी नणंद शकू प्लास्टर साच्यात ओतून ती काढायची, रंगवायचे मी. माझं माहेर टाकव्याचं, गुरांतच वाढलेली. म्हणून पंखांच्या घोड्यालाही मी खऱ्या जनावराचं अंग द्यायचे — बांड्या गाईचे ठिपके, पोटाशी केस वळतात तसे फटकारे. मुंबईची माणसं हात लावून बघायची.

शकूच्या मानेखाली आणि पाठीवर कोड होतं. बाहेर कुणाला माहीत नव्हतं. बंद गळ्याचं पोलकं घालायची. तिची पाठ मीच चोळायचे. एवढा विश्वास होता तिचा.

एकदा गिऱ्हाइकांसमोर ती हसत म्हणाली, "वहिनींची जनावरं हुबेहूब, पण त्यांच्यात जीव नाही." त्याच वर्षी माझं मूल पोटातच गेलं होतं. ती रंगाबद्दल बोलत होती हे मला कळलं नाही का? कळलं. तरी मी ते धरून बसले — महिनाभर.

आणि मग रंगवलं. बाईच्या तोंडाची गाय. तोंड शकूचं, हनुवटीवरच्या तिळासकट. मानेवर, पाठीवर तेच पांढरे डाग, कडा वेड्यावाकड्या होत्या तशाच. इतकं मन लावून मी आधी काही रंगवलं नव्हतं. दुकानात अगदी पुढे मांडली. कुणी ओळखणार नाही असं वाटलं होतं? छे. ओळखावं म्हणूनच मांडली.

आंदर मावळातून दूध घेऊन येणाऱ्या मावशी थबकल्या. "आगं, ही तर तुमची शकू. आन् ह्ये अंगावर काय गं?"

बाजारभर झालं. नळावर बायकांनी शकूच्या पोलक्याचा गळा खाली ओढून पाहिला. तळेगावचं ठरत आलेलं स्थळ मोडलं.

नवऱ्यानं ती गाय माझ्यापुढे आदळली. "हे असं का रंगवलंस?" मी म्हटलं, टाकव्याच्या गाईवरून काढलंय. खोटं. तेवढ्यात शकू दारातून म्हणाली, "दादा, मीच सांगितलं होतं वहिनींना. किती दिवस लपवायचं?"

तेव्हा तरी बोलायचं ना मी? मी मान डोलावली. हो म्हणून.

सासूबाई मरेपर्यंत तिलाच बोलत राहिल्या, स्वतःच्या हातानं वाटोळं केलंस म्हणून. मी शेजारी बसून भाकरी थापत ऐकायचे. शकू पुण्याला जाऊन नर्स झाली, लग्न नाही केलं. दिवाळीला यायची, माझ्या मुलींना कापडं आणायची. आणि मी तिच्यावर चिडायचे — तिच्या गप्प राहण्यावर, तिच्या चांगुलपणावर. ती गेली तेव्हा मी मोठ्यानं रडले. लोक म्हणाले, नणंदेवर काय माया होती. मी तेही घेतलं.

शकूनं मला काही सांगितलं नव्हतं. ते डाग मी ठरवून काढले, आणि दोष तिच्या माथी राहू दिला.