उजेड कुठे आहे ते बघ

भूतखेत, दृष्टांत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही, असंच म्हणेन... पण हे कुठेतरी लिहून टाकायचं होतं.

२०१७ चा हिवाळा सरत आला होता. कॅनडात ओटावाला, कनाटा नावाच्या उपनगरातल्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअर इंजिनिअर होतो. एका प्रदर्शनासाठी आम्ही सिम्युलेटर बनवत होतो – डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि पाठीवरच्या जेट बॅकपॅकच्या जोरावर, दोर न बांधता, अंतराळात तरंगायचं. पूर्वी काही अंतराळवीर खरोखरच असे यानापासून लांब जाऊन परत आले होते.

त्या दुपारी मी तरंगताना गरगरायला लागलं तर स्थिर कसं व्हायचं, तो भाग टेस्ट करत होतो. नेहमीचंच काम. पण अचानक तारे विझले, सगळं गढूळ हिरवं झालं आणि छातीत बर्फासारखा गारठा शिरला. हेडसेट काढायला हात उचलेचना. आणि मी बोलायला लागलो... चक्क मराठीत. "हातपाय झाडू नकोस. आधी स्थिर हो. उजेड कुठे आहे ते बघ. आता तिकडे जा."

शेजारी बसणाऱ्या ग्रँटने माझा हेडसेट ओढून काढला. कुणाशी बोलत होतास, असं तो विचारत राहिला.

थोड्याच वेळात सायलीचा, माझ्या बायकोच्या – मृणालच्या – मैत्रिणीचा, फोन आला. ती आणि मृणाल गोठलेल्या तळ्यावर फिरायला गेल्या होत्या. काठाजवळ बर्फ फुटला आणि मृणाल थेट बर्फाखाली गेली. मग आपणच त्या भोकाशी वर आली, तेव्हा सायलीने स्कार्फ टाकून तिला ओढून घेतलं.

हॉस्पिटलमध्ये ब्लँकेटांत गुंडाळलेली मृणाल मला म्हणाली, "उजेड कुठे आहे ते बघ, असं तू सांगत होतास ना... म्हणून ते भोक सापडलं मला."

ऑफिसमधलं मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

योगायोग म्हणून हेही सोडून दिलं असतं. पण मग तिने विचारलं, "शेवटी तसं का म्हणालास?"

"कसं?"

"तू जा, मला आता परत येता येणार नाही."

हे मी बोललो नव्हतो. आवाज माझाच होता, असं ती ठामपणे सांगते.

ते प्रोजेक्ट मी सोडलं. मृणाल ठणठणीत आहे. पण कधीकधी जेवताना ती मधेच थांबून माझ्याकडे निरखून बघत राहते... परत आलेला हा नक्की मीच ना, अशी ओळख पटवून घेतल्यासारखी.