आत्याचं एक-वीस

"तिले नोको विचारू. इंग्रजीतलं शिकेल हाये, तिले आपल्या वावरातलं काय समजते? धाकलीले हाक मार."

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि आमच्यामध्ये फक्त एक पडदा होता. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तसं काही असतं तर मला बरं वाटलं असतं.

धाकली म्हणजे माझ्या काकांची मुलगी, माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. ती गावातल्या मराठी शाळेत शिकली, मग जीपने रोज धाड गावच्या कॉलेजात गेली. मला बाबांनी पहिलीपासून बुलढाण्याला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. सुट्टीत घरी आले की आत्या मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायची. शिक्षण संपवून कायमची परत आले, तेव्हा त्या जागी धाकली बसलेली होती. तिला ऊठ म्हणावं असं काही नव्हतं. मी पाणी पिऊन आत गेले.

आत्याला धाकली हवी होती ती पीक पाहणीसाठी. आता ज्याचं शेत त्यानेच मोबाईलवर आपलं पीक नोंदवायचं असतं. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि कोणतं पीक किती जागेत आहे ते भरायचं. पुढे सोयाबीन सरकारी खरेदीला न्यायचं तर हीच नोंद बघतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची नोंद धाकली करून द्यायची. लोक फोन घेऊन काकांच्या ओट्यावर येत, आमच्या दारावरून जात. जाताना मला विचारत, "काय ताई, बरी हायेस ना?" आणि पुढे निघून जात.

मला कोणी विचारत नव्हतं याला कारण होतं. परत आले त्या आठवड्यात बाबांनी कौतुकाने आत्याचा सातबारा माझ्या हातात दिला होता आणि म्हणाले होते, "वाच बरं, किती वावर हाये आत्याचं?" मी वाचलं, "वन पॉइंट सिक्स टू हेक्टेअर." आधी काका हसले, मग सगळेच. धाकलीने कागदाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "एक हेक्टर बासष्ट आर. म्हंजे चार एकर." आत्याने मान डोलावली. जणू तिचं शेत हरवलं होतं आणि धाकलीने शोधून दिलं.

आर हा शब्द मला माहीतच नव्हता. आमच्या पुस्तकात चौरस मीटरनंतर एकदम हेक्टर यायचा, मधलं काही नसायचं. त्या रात्री मी फोनवर शोधलं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जागा म्हणजे एक आर. शब्द फ्रेंचांकडून आलेला. इंग्रजी पुस्तकांनी तो जवळपास टाकून दिला आणि आमच्या तलाठ्याने सांभाळला. असे शंभर आर झाले की हेक्टर होतो. गावातला गुंठाही जवळजवळ आरएवढाच, एखाद्या चौरस मीटरचा फरक. पण गुंठे चाळीस झाले की एकर होतो. मी हे वहीत लिहून ठेवलं. कोणाला सांगणार होते?

आत्या आणि धाकलीच्या मागे मीही शेतात गेले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हणालं नाही. हे चार एकर आजोबांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, आत्याच्या नावावर केले होते, ती सासर सोडून परत आली त्या वर्षी. तो सातबारा ती एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते आणि ती पिशवी लुगड्यांच्या मधोमध. भाऊ-भावजयांच्या घरात ती मान वर करून जेवते ती त्या कागदाच्या जिवावर, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

सोयाबीन गुडघ्याला लागत होतं. धाकलीने फोटो काढला आणि विचारलं, "किती हाये वं आत्या सोयाबीन?"

"एक-वीस."

आमच्याकडे जुनी माणसं असंच सांगतात. एक-वीस म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. धाकलीने अंगठ्याने भराभर टाकलं. हेक्टरच्या घरात एक, आरच्या घरात वीस. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. एक हेक्टर वीस आर म्हणजे तीन एकर झाले. भरायला हवे होते साठ गुंठ्यांचे साठ आर, आणि हेक्टरच्या घरात शून्य. सातबाऱ्यावर जागा शिल्लक होती, म्हणून फोननेही काही हरकत घेतली नाही. नोंद झाली. एवढ्यात रेंज गेली. धाकली म्हणाली, "कपाशीचं उद्या भरू."

मी बोलले नाही. बोलायला वेळ होता, जागाही होती. मी बांधावरच्या गवताकडे बघत राहिले आणि मला बरं वाटत होतं. भरलेली नोंद दोन दिवसांच्या आत दुरुस्त करता येते, हेही मी वाचलेलं होतं. म्हणजे घाई नव्हती. उद्या संध्याकाळी काकांच्या ओट्यावर सगळे असतील, तेव्हा सहज म्हणावं, अगं, ते आत्याचं आर आणि गुंठ्यांचं बघितलंस का? कोणते शब्द वापरायचे हेसुद्धा मी ठरवलं. वाटेत आत्या धाकलीला म्हणाली, "तू होतीस म्हणून झालं माय." मला ते नेहमीइतकं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी कपाशीत उभ्या होतो. धाकलीने फोटो काढला. आत्या म्हणाली, "दोन-वीस." धाकलीने दोन आणि वीस टाकलं. फोनने घेतलं नाही. तिने पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिने डोळे बारीक करून वाचलं. "आत्या, तुहं बेचाळीस आरच शिल्लक दाखवून राह्यलं."

"बेचाळीस? म्हंजे किती?"

"एक एकर होईन जवळपास."

"एक?" आत्याने आजूबाजूच्या कपाशीकडे पाहिलं. "काऊन वं? अडीच एकर कपाशी उभी हाये न इथं. दिसत नाही काय त्याले?"

"मले काय माहीत. कागदच तसा असन."

हे धाकलीने घाबरून म्हटलं. स्वतःची चूक झाकायला नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं. पण आत्याचा चेहरा बघता बघता उतरला. ती बांधावर बसली आणि पदराने तोंड पुसलं, घाम नसताना.

"कागद कसा तसा असन? अण्णाईनं चार एकर लिहून देल्ले मले." मग खालच्या आवाजात, "भावाईनं काही केलं काय वं? मागं तलाठ्याकडं गेल्ते दोघंही. मले म्हणे, तुहं काही नाही, आमचंच काम हाये."

भाऊ म्हणजे माझे बाबा आणि धाकलीचे वडील. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने फोन माझ्यापुढे धरला. "ताई, तू पाह्य ना एकदा. तुले समजते हे. मी निसते आकडे टाकतो, लोक सांगतात तसे."

तुले समजते. हे ती आधीपासून मानत होती की आत्ताच सुचलं, ते मला अजून माहीत नाही. फोन तिच्या हाताने गरम झालेला होता. ओट्यासाठी पाठ केलेली वाक्यं आठवून पाहिली, त्यातलं एकही तिथे चालण्यासारखं नव्हतं. आत्या माझ्याकडे बघत होती. तेल लावताना बघायची तसं नाही. कागद घेऊन आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं, काय सांगतोय आता म्हणून.

घरी मी जपून पुस्तकी मराठी बोलते, कोणी हसू नये म्हणून. त्या दिवशी तेवढा धीर नव्हता.

"आत्या, तुहं वावर कोणी कमी नाही केलं. चार एकर हाये, तेवढंच हाये. काल सोयाबीन दुप्पट भरलं गेलं, अन् मले ते कालच दिसलं होतं."