नकाशाच्या कडेला पोचलेली माणसं

धाकटीच्या नाकावर राग असतो, असं घरातले सगळे म्हणतात. खोटं नाही ते. पण देवानं तो तिला उगाच दिलेला नाही, हे तिच्यासोबत चार दिवस काढले की कळतं.

ती संगणकावरचा एक खेळ तयार करते. खेळणाऱ्यानं नदीकाठी शहर वसवायचं, झाडं लावायची, धूर आणि घाण आटोक्यात ठेवायची. शहर जसजसं स्वच्छ होईल तसतसं वरच्या कोपऱ्यातलं पान हिरवं होत जातं. पुरतं हिरवं झालं की जिंकलात! मुख्य काम संपलं होतं, आता घासूनपुसून चकचकीत करणं चाललं होतं. पाण्यावर ऊन कसं चमकावं, एवढ्यावरच तिनं आठवडा घातला होता. सोमवारी खेळ बाहेर पडायचा होता.

शुक्रवारी शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला खुर्चीतून उडालाच. दिवसभर खेळून चुका शोधायच्या, ही त्याची नोकरी.

"ताई, पान भरलं! तासाभरात! चहा पाजा."

"गप रे. तासाभरात झाडं तरी वाढतात का?"

"झाडं लावतंय कोण? नाल्याकाठची पत्र्याची घरं पाडत सुटायचं. चूल गेली की धूर गेला."

"आणि माणसं?"

"चालत नकाशाच्या कडेला जातात आणि गुल! मशीनवर भार नको म्हणून साहेबांनीच ठेवायला लावलं होतं ना तसं?"

तो हसत होता. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावर बोचकी घेतलेली इवलीशी माणसं रांगेनं कडेला पोचत होती आणि एकेक करून पुसली जात होती. वर पान हिरवंगार.

धाकटी जन्मली तीच अशा पत्र्याच्या खोलीत. पुढे ती वस्ती पाडून तिथं बाग केली. एकदा आई त्या बागेत जरा टेकायला गेली, तर रखवालदारानं हटकलं, "काय काम आहे इथं?" आई मुकाट्यानं परत आली. धाकटीनं त्या बागेत आजवर पाऊल टाकलेलं नाही.

शनिवारी सुटी असूनही ती घरीच कामाला बसली. खेळाच्या प्रोग्राममधली माणसं पुसणारी ओळ काढून टाकली. आता घर पाडलं, तर ती माणसं जागा मिळेल तिथं बोचकं टाकत आणि तीन दगडांची चूल पेटवत.

आई ताट घेऊन आली. "त्या बटणांनी काय घोडं मारलंय तुझं? किती आपटतेस!"

"आई, माझ्याच खेळात आपल्यासारखी माणसं पुसून टाकतात गं."

"मग नको पुसूस," आई म्हणाली. "आणि आधी जेव."

सोमवारी साहेब स्वतः खेळायला बसले. सवयीनं त्यांनी वस्ती पाडली. माणसं उद्यानात येऊन बसली, धूर निघाला, पान पिवळं पडलं. त्यांनी आणखी घरं पाडली. पान आणखी पिवळं.

"हे काय चाललंय?"

"माणसं आहेत, साहेब. घर पाडलं तरी असतात."

"खेळणारा वैतागेल, बाई!"

"वैतागू दे. मी तीन दिवस वैतागलेय."

"हा पर्यावरणाचा खेळ आहे, मोर्चा नाही!"

"नदी जपायची, झाड जपायचं, आणि माणूस काय कचरा आहे?" तिचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला.

साहेब चष्मेवाल्याकडे वळले. "तू घाल रे ती जुनी ओळ परत."

चष्मेवाला बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "मला नाही जमणार, साहेब."

"एक ओळ जमत नाही?"

"हात दुखतोय."

दुखत कसला होता! साहेबांनाही ते कळलं. पिवळ्या पानाकडे बघत त्यांनी विचारलं, "मग हे भरायचं कसं?"

"पाडायच्या आधी त्यांना तिथंच धड घर द्यायचं. बिनधुराच्या चुलीचं."

"खेळात आहे ते?"

"नाही. सुचलंच नाही आपल्याला. कुणालाच!"

"किती दिवस लागतील?"

"आठवडा."

साहेब दार आपटून गेले. पण जाताना खेळ आठवडाभर पुढं ढकलल्याचं सांगून गेले.

"ताई, जिंकलो की आपण!" चष्मेवाला म्हणाला.

"कसले जिंकलो?" धाकटी खुर्ची ओढत कडाडली. "तोवर ती माणसं बाहेरच झोपणार आहेत."