न कलणारी होडी

सुभानपुऱ्यात शेजारी राहणारे काका जुनी कॅटमरान शोधत होते. दोन नावा जोडून मधे जाळी ताणलेली ही शिडाची होडी फारशी कलत नाही, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या काकूंना तिच्यातून समुद्र दाखवायचा होता. माझ्या मारुतीतून आम्ही भावनगरकडे, मोडीत काढलेल्या जहाजांच्या बाजारात जायचो. काका चपला काढून जाळीवर काकूंसारखे डाव्या कुशीवर निजत.

"टोचतंय. तिला नाही चालणार."

"काका, होडी लेवी छे के खाटलो?" दुकानदार हसायचा.

काकू गेल्यानंतरही त्यांनी मला एकदा तिकडे न्यायला लावलं. ते निजले, ते उठेचनात. मला लवकर परतायचं होतं, पण हाक मारवेना.

शेवटी उठले. "ही चालली असती तिला," म्हणाले आणि चपला हातात घेऊन गाडीकडे निघाले.