केबलवरचा ठोसा

माझ्या उजव्या हाताने एक माणूस कायमचा अधू झाला, आणि ते होताना अर्ध्या नाशिकने घरी बसून पाहिलं. तो माणूस माझा मित्र होता.

मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होतो. वय चोवीस, वजन सत्त्याण्णव. आमच्या कॉलनीत बुद्धविहारामागे एक पत्र्याची शेड होती. तिथे सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार बॉक्सिंग शिकवायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. तीसेक पोरं यायची, बहुतेक साठ-पासष्ट किलोची. एक्क्याण्णव किलोच्या वरच्या गटात मी एकटाच होतो. जिल्हा स्पर्धेत माझ्यासमोर कुणी नसायचं, त्यामुळे मी नुसता रिंगमध्ये चढायचो, पंच माझा हात वर करायचे आणि पदक मिळायचं. एकही ठोसा न मारता मी तीन पदकं मिळवली होती, याची मला मनातून लाज वाटायची.

मग उस्तादांनी त्याला आणलं. तो नामपूरचा, अहिराणी बोलणारा, इथे पेठ रोडला मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहायचा. माझ्यापेक्षा वीतभर उंच. पहिल्याच दिवशी त्याने वाळूच्या पोत्यावर असा ठोसा मारला की वरचा हूक तुळईतून निघाला आणि पोतं खाली आलं. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, उद्यापासून तुम्ही दोघं एकत्र.

दोन वर्षं आम्ही एकमेकांना मारलं. त्याने माझ्या दोन बरगड्या तडकवल्या, मी त्याची डावी भुवई तीनदा फोडली. मोठ्या वजनाचा मार अंगात वेगळाच उतरतो. हलक्या माणसाचा ठोसा कातडीला झोंबतो. त्याचा ठोसा हातांच्या आडोशावर घेतला तरी दात हलायचे, मानेत कळ जायची, आणि दुसऱ्या दिवशी लेथवर काम करताना बोटं मिटायची नाहीत. पण सराव संपला की आम्ही एकाच नळावर रक्त धुवायचो आणि एकाच टपरीवर जाऊन मिसळ खायचो. त्याच्या लग्नाला मी नामपूरला गेलो होतो. त्याची बायको मला तेव्हापासून भाऊ म्हणायची.

अमेरिकेतल्या हेवीवेटच्या लढती आमच्याकडे रविवारी सकाळी टीव्हीवर थेट दिसायच्या. तो माझ्या घरी यायचा. ठोसा बसला की ते लोक तो सावकाश करून पुन्हा दाखवायचे: गाल लाटेसारखा हलतोय, घामाचे थेंब उडतायत, डोळे वर गेलेत. आम्ही श्वास रोखून बघायचो. आपल्याला असं कधी कुणी बघेल का, असं मी एकदा म्हणालो. तो हसला. "आपलं थोबाड दखाले कोण टीव्ही लावी?"

लावणारा निघाला. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका केबलवाल्याने स्वतःची स्थानिक वाहिनी सुरू केली होती. मिरवणुका, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, वाढदिवस असं काहीबाही त्यावर दाखवायचा. तो शेडमध्ये आला आणि आम्हा दोघांची लढत दाखवायची म्हणाला. त्याची एकच अट होती. डोक्यावर संरक्षक टोप घातला की चेहरे दिसत नाहीत, म्हणून टोप नको. स्पर्धा नाही, प्रदर्शनाची लढत आहे, मग नियम कशाला, असं त्याचं म्हणणं. उस्ताद दोन दिवस नाही म्हणाले, तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. त्यांच्या पोरांबद्दल वीस वर्षांत कुठल्या पेपरात दोन ओळीही आल्या नव्हत्या. माझ्याबद्दलही नाही, आणि मला त्या हव्या होत्या.

अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर. एका मंगल कार्यालयात लाकडी फळ्यांवर रिंग उभारली होती, वर पातळ चटई. दोन कॅमेरे. पंच म्हणून उस्तादच उभे होते. सकाळी अकरा वाजता आम्ही चढलो तेव्हा खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. एवढी माणसं आम्ही कधीच पाहिली नव्हती.

पहिल्या फेरीत त्याने मला मारलं. डाव्या हाताने नाकावर, मग पोटात, मग पुन्हा पोटात. मी दोरावर गेलो आणि लोक ओरडायला लागले. माझ्या तोंडात रक्ताची खारट चव होती. शेडमध्ये असं झालं असतं तर मी हसलो असतो. इथे मला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसत होता. सगळं गाव मला मार खाताना बघणार, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या फेरीत मी त्याला कोपऱ्यात गाठलं. त्याची भुवई जुन्याच जागी फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. माझा एक ठोसा त्याच्या तोंडावर बसला आणि त्याच्या दातांवरचं माउथगार्ड बाहेर पडलं. ते पडलं की खेळ थांबवतात, धुऊन पुन्हा तोंडात घालतात. त्याने पंचांकडे तोंड वळवलं, ग्लव्हज खाली केले आणि एका हाताने चटईकडे बोट दाखवल्यासारखं केलं. पंचांचा हात उठायला लागला होता.

मी उजवा हात सोडला.

टाचेपासून निघालेला, सगळं वजन घेऊन गेलेला ठोसा होता तो. जबड्यावर बसला तेव्हा लाकूड मोडल्यासारखा आवाज माझ्या खांद्यापर्यंत आला. तो ताठच मागे पडला. डोकं चटईच्या कडेला, उघड्या फळीवर आपटलं, आणि त्याचे पाय थरथरायला लागले. कानातून रक्त येत होतं. लोक शिट्या वाजवत होते. मी दोन्ही हात वर केले. हे मी केलं, आणि ते टेपमध्ये आहे.

डोक्याचं ऑपरेशन झालं. अकरा दिवसांनी तो शुद्धीवर आला. उजवा हात गेल्यात जमा, बोलणं जड, डाव्या कानाने ऐकू येईना. त्याची बायको त्याला नामपूरला घेऊन गेली.

इकडे केबलवाल्याने तो ठोसा बातम्यांच्या आधी दाखवायला सुरुवात केली. आधी नेहमीच्या वेगात, मग सावकाश, वर एक आवाज: "हात खाली, खेळ खलास!" चौकात लोक मला थांबवून माझी मूठ हातात घेऊन बघायचे. एका दुकानाच्या उद्घाटनाला मी फीत कापली. कारखान्यात साहेबांनी चहाला बोलावलं. त्यातला एकजणही पडलेल्या माणसाचं काय झालं असं विचारत नव्हता. मी कॅसेट मागून घेतली आणि घरी कितीतरी वेळा पाहिली. आधी फक्त माझा हात बघायचो. मग एकदा त्याचं तोंड बघितलं. ते वळलेलं होतं. टेपमध्ये ते दिसतंच. दिसत नाही ते एवढंच, की मारायच्या आधी मलाही ते दिसलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. बॉक्सिंग सोडलं, कॅसेट कपाटात टाकली. नामपूरला एकदाही गेलो नाही. कामाचं निमित्त मी स्वतःलाच सांगत राहिलो. असं आठ वर्षं.

मग सगळ्यांकडे कॅमेऱ्याचे मोबाइल आले. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या लेथवरच्या नव्या कामगाराने मला त्याच्या मोबाइलवर एक क्लिप दाखवली. कुणीतरी टीव्हीवरून उतरवलेली, धूसर, वीस सेकंदांची. कुठल्या तरी मित्राने ब्लूटूथने पाठवली होती. मला त्याने ओळखलं नाही, तोवर माझे केस गेले होते. "काय हाणलाय बघा काका," तो म्हणाला, "आणि हा येडा बघा, घाबरून हातच खाली टाकले त्याने."

रविवारी मी नामपूरची गाडी धरली.

बाजार समितीच्या फाटकाजवळ त्याच्या बायकोने चहा-भजीचं दुकान टाकलं होतं. तो आत बाकावर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून. मला बघून डाव्या हाताने त्याने जागा दाखवली. त्याच्या बायकोने चहा दिला, भाऊ म्हणून घरच्यांची चौकशी केली आणि परत शेगडीकडे गेली. इकडचं तिकडचं बोलणं संपल्यावर मी त्याला सांगितलं. माउथगार्ड पडलेलं मी पाहिलं होतं, तू पंचांकडे वळलास तेही पाहिलं होतं, आणि तरी मारलं.

त्याने डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात सरळ केला. मग म्हणाला, "माले माहीत शे." मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाहीस. त्याचे शब्द एकमेकांत अडकत होते. "कोणले सांगू? टीव्हीमा तर तुनाच हात दिसस."

त्याच्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. केबलवाल्याची ती टेप नामपूरलाही पोचली होती, आणि गावात आठ वर्षं पोरं तिच्या नवऱ्याला 'हात खाली' म्हणून हाक मारत होती. भांडणात तीही त्याला तेच बोलली होती, हे मला नंतर कळलं. शेगडीपाशी ती सगळं ऐकत उभी होती. ती आली, आणि हातातला लोखंडी झारा तिने माझ्या तोंडावर मारला. एकदा, मग पुन्हा. गरम तेल गालावर चरचरलं, दुसऱ्या फटक्याला नाकाचं हाड मोडल्याचं मला कळलं. मी हात वर केले नाहीत. तिसऱ्यांदा तिने झारा उगारला तेव्हा तो बाकावरून उठला, लंगडत मधे आला आणि डाव्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं.

"आठ वर्सं मी ह्यांनाच बोलत होते," ती म्हणाली. मला नाही, झाऱ्याकडे बघून म्हणाली. मग खाली बसली आणि रडली. फाटकावर जमलेल्या हमालांना तिने सगळं सांगितलं, माझ्यादेखत, आणि हे खरं आहे का असं मला विचारलं. रक्त पुसत मी हो म्हणालो. एकाने माझी कॉलर धरली, दुसऱ्याने लाथ घातली. माझ्या मित्राने त्यांनाही थांबवलं.

निघताना तो म्हणाला, हेच तिकडे शेडमध्ये सांग.

नाक बसवून आल्यावर मी गेलो. उस्ताद आता थकले होते, खुर्चीत बसून शिकवायचे. मी पोरांसमोर उभा राहून सगळं सांगितलं, काही न गाळता. उस्ताद जमिनीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, त्यांनीही पाहिलं होतं, पण कॅमेरे चालू होते, म्हणून ते गप्प बसले.

मागच्या रांगेत एक धिप्पाड पोरगा होता, नव्वद किलोच्या वरचा असावा, त्याने हात वर केला. वाटलं, माझ्या मित्राबद्दल विचारेल. त्याने विचारलं, सर, एवढी पॉवर कशाने आली होती?

मी त्याला खाली बसायला सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.