कुणाचा उजवा?

सोजरबाई गाईच्या सडांना उजवे-डावे कधीच म्हणत नसत. त्यांच्या गोठ्यात एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दार. म्हणून दोन सड भिंतीकडले, दोन दाराकडले. पाटोद्याजवळच्या त्या वस्तीवर मी गुरांचा डॉक्टर म्हणून जात असे. हा अडाणीपणा आहे, असे माझे ठाम मत होते. त्या काळी माझी सगळीच मते ठाम असत.

त्यांच्याकडे एकच गाय. दूध दिसायला स्वच्छ, पण अचानक घटलेले. मी चार वाट्यांची थाळी काढली, प्रत्येक सडाचे दूध वेगळ्या वाटीत घेतले आणि तपासणीचे औषध घालून थाळी गोल हलवली. गोठ्यात अंधार होता. म्हणून गाईकडे पाठ करून दाराशी उजेडात आलो. तीन वाट्यांतले दूध पातळ राहिले होते, चौथीतले शेंबडासारखे घट्ट झाले होते. आजार तिथेच.

“मागचा उजवा सड,” मी निकाल दिला आणि औषधाची नळी उघडली.

“कुणाचा उजवा?” सोजरबाईंनी विचारले. “तुमचा का गाईचा?”

“बाई, मी पदवी घेतली आहे.”

“घेतली असंल. पर तुमी फिरलाव, डागदर. तुमच्या हातातली थाळी बी फिरली. गाय न्हाई फिरली.”

आणि मी औषध घालू नये म्हणून त्यांनी दाराकडला मागचा सड तळहाताने झाकला. माझे औषध तिथे गेले असते, तर आजारी सड उपचाराविना कायमचा आटला असता. हे मला तेव्हा सुचले नाही. बाईंना खोटे पाडावे, एवढ्याच हेतूने मी तपासणी पुन्हा केली. या वेळी बाईंनी कंदील धरला, मी जागचा हललो नाही. घट्ट झाले ते भिंतीकडल्या पुढच्या सडाचे दूध.

“दोन दिसांपासून वासरू त्यो सड धरंना,” त्या म्हणाल्या.

“मग आधी का नाही सांगितले?”

“तुमी इचारलं कवा?”

सड वाचला. थाळीची मूठ कायम गाईच्या तोंडाकडे राहावी, म्हणून मी तिच्यावर तांबड्या रंगाने लिहिले : ‘गाईचे तोंड’. पुढल्या खेपेला ते पाहून सोजरबाई म्हणाल्या, “लई बेस. थाळी शिकली.” माझ्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यानंतर बीडला माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. समोर उभ्या राहून तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, उजवा डोळा ना?”

“कुणाचा उजवा?” मी विचारले. “तुमचा का माझा?”

त्या हसल्या, पण पदवीची गोष्ट त्यांनी काढली नाही. पेन घेऊन माझ्या भुवईवर खूण केली.