सासूबाईंचा जाब

चार जून. रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायचा धडा काढत बसले होते. धडा बायबलमधल्या स्तोत्रांचा. वीस वर्षं शिकवतेय, पण विलापाची स्तोत्रं मी नेहमी वगळत आले. मुलांना कशाला, म्हणून.

त्या दिवशी ती नीट वाचली. लिहिणारा देवाला सरळ विचारतो की तू झोपलास का. आणि हे यरुशलेमच्या मंदिरात सगळ्यांसमोर गायलं जाई. देवावर रागावणं म्हणजे त्याला सोडणं, असं त्या लोकांना वाटतच नव्हतं. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

माझा हात थांबला. मार्चमध्ये माझी मुलगी गेली, तेव्हा बिबवेवाडीतल्या आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत सासूबाई देवाला हेच ओरडून विचारत होत्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आई, पुरे. हा अविश्वास आहे." त्यांना अक्षरओळख नाही, शिकवणारी मी. तेव्हापासून प्रार्थनेत त्या ओठ मिटून बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हटलं, "आई, आज प्रार्थना तुम्ही करा. काय विचारायचं ते विचारा त्याला."

"तुला चालेल?"

"चुकलं माझं."

"देव ऐकत होता गं. तूच मध्ये पडलीस."

त्यांनी डोळे मिटले आणि नातीचं नाव घेऊन देवाला विचारायला सुरुवात केली. मी गॅस बंद केला, शेजारी बसले आणि त्यांच्या मागोमाग तेच शब्द म्हणत गेले.